बियाण्याला राखलेला दुधी

चांगला दुधी खाणारा माणूस काकांच्या लेखी चोर होता. मग तो दुधी त्याने स्वतःच्या पैशांनी बाजारातून का आणलेला असेना.

"चांगला होता म्हणून खाल्लास?" ते विचारत. "मग उरलं काय? वाईट. पुढच्या वर्षी पेरणार काय? तेच वाईट. दहा वर्षांनी म्हणाल, हल्लीच्या दुध्याला चव नाही. कशी असेल? चवीचे सगळे तुमच्या पोटात गेले."

हे ते मुलुंड स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याला त्याच्या गिऱ्हाइकांदेखत ऐकवत. भाजीवाला त्यांना दुरून येताना बघितलं की दुध्यांवर गोणपाट टाकायचा. काका स्वतः मात्र जन्मभर सिद्धांताप्रमाणे जेवले. वाकडा, किडका, बुडाशी सडलेला, पावसात खुजा राहिलेला, असा जो दुधी बियाण्याच्या लायकीचा नाही तो घरात शिजायचा. काकू एकदा माझ्या आईला म्हणाल्या, "गिरणीत होते ते बरं होतं हो. निदान कापूस तरी खायला आणत नव्हते."

गिरणीत काकांचं काम कापूस पारखायचं होतं. गासड्या आल्या की चिमूटभर कापूस ओढायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचा आणि धागा किती लांब निघेल ते सांगायचं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. निवृत्त होऊन ते मुलुंड पूर्वेला, मिठागराच्या बाजूला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायला आले, तेव्हा हातांना काम उरलं नव्हतं. मागच्या भिंतीलगत दहा हात लांबीची एक पट्टी रिकामी होती. तिथली माती इतकी खारट, की गवतसुद्धा नाराजीने उगवायचं. काकांनी मालवणाकडून एस.टी.च्या टपावर घालून तांबड्या मातीची पोती आणली. कंडक्टरने विचारलं, पोत्यात काय आहे? काका म्हणाले, जमीन. कंडक्टरने दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर मिळालं, आणि तिसऱ्यांदा विचारण्याइतका त्याला पगार नव्हता.

त्याच मातीत त्यांनी गावाकडचा दुधी लावला. पहिल्या वर्षी तो हातभर झाला. नवव्या वर्षी तो जमिनीला टेकू नये म्हणून मांडवाला काकूंच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधावी लागली. दुसरीतली पोरं त्याच्याशी उंची मोजायची आणि हरायची.

आता माझ्याबद्दल थोडं. आमच्या घरी वर्तमानपत्र उशिरा यायचं, पत्रकं आधी. वडील कामगार चळवळीतले. मी वाचायला शिकलो तोच ‘निषेध’ या शब्दावर. विसाव्या वर्षी मीही पत्रकं लिहायला लागलो: कारखान्यांच्या मालकांविरुद्ध, पाणीकपातीविरुद्ध, घरमालकांविरुद्ध. आणि जवळचं कोणी सुटू नये म्हणून सोसायटीच्या अध्यक्षांविरुद्धसुद्धा. ही पत्रकं कोण वाचतं हा प्रश्न मी कधी स्वतःला विचारला नव्हता. त्यामुळे एका श्रावणात काका माझं पत्रक हातात घेऊन दारात आले, तेव्हा मला भरून आलं.

"ह्या कागदाची अजून आहेत?"

"किती हवीत, काका?"

"पंचवीसेक दे. कागद झकास आहे. शाई पावसात उतरत नाही. त्या दुसऱ्या पार्टीचं घेतलं होतं, फूल निळं झालं."

दुध्याची पांढरी फुलं दिवस कलताना उमलतात. बियाण्यासाठी धरलेल्या वेलीवरची मादी कळी काका दुपारीच कागदाच्या शंकूत बंद करायचे, म्हणजे एखादा पतंग भलत्या वेलीचे पराग आणून तिच्यावर टाकणार नाही. मग फूल उमललं की निवडलेलं नर फूल स्वतः तोडून तिच्यावर हळूच फिरवायचं आणि पुन्हा शंकू बांधायचा. त्या संध्याकाळी मी मागच्या बाजूला गेलो. मांडवभर माझी पत्रकं लटकत होती. प्रत्येक कळीवर लिहिलं होतं, ‘जागे व्हा!’

मी लिहिलेला मजकूर त्यांनी वाचलाही होता, असं नंतर कळलं. त्यांचा अभिप्राय असा: "ह्यात दहा मागण्या आहेत. वेलीवर दहा फळं ठेवली तर एक धड होत नाही. तीन ठेव, बाकीच्या खुड."

मला राग आला. मागण्या खुडायच्या? पण पुढच्याच महिन्यात एका कारखान्याच्या मालकाने आमच्या दहा मागण्यांपैकी सर्वांत फुकट पडणारी एक मान्य केली, ती म्हणजे नोटिशींसाठी नवीन फळा. मग मला काकांचं म्हणणं आठवलं. कबूल मात्र केलं नाही. त्या वयात मी कबुलीजबाब फक्त सत्ताधाऱ्यांकडून मागायचो.

कोवळ्या दुध्याला बोट दाखवायचं नाही, हा काकांचा कायदा होता. बोट दाखवलं की फळ सडतं, असं आपल्याकडे सगळेच मानतात. दाखवायचंच तर बोट दुमडून दाखवायचं. सोसायटीतले इंजिनियर, मास्तर, बँकेतले साहेब, सगळे त्या मांडवाखाली बोटं वाकवून उभे असत, जणू एखाद्या साथीत सगळ्यांचीच बोटं आखडली आहेत. मला हे सहन होईना. मी एका रविवारी सर्वांसमक्ष गेलो आणि पाच कोवळ्या दुध्यांना तर्जनी ताठ करून, एकेकाला नावाने पुकारावं तसं, बोट दाखवलं. आठवड्यात दोन पिवळे पडून गळाले. सोसायटीत माझी वाट लागली. आईने मला काकांकडे माफी मागायला पाठवलं.

काका राख चाळत बसले होते. म्हणाले, "बोटाने काय होतंय रे! त्या दोघांना पराग मिळालाच नव्हता, त्या दिवशी पाऊस होता. ते गळणारच होते."

"मग तुम्ही लोकांना अंधश्रद्धा का शिकवता?"

"बोट जिथे जातं तिथे हात जातो. हातामागून सुरी. मी भाजीला कुंपण घालू शकत नाही, सोसायटी परवानगी देत नाही. म्हणून बोटाला घातलं."

मी समोर बसून राखेची चाळण धरली.

पण त्यांची खरी विद्या बी निवडण्यात होती. लोकांना वाटायचं, सर्वांत मोठा दुधी बियाण्याला ठेवला की झालं. काका असल्या माणसाला सरळ गाढव म्हणत. "फळ काय बघतोस? वेल बघ. हा एवढा मोठा का झाला? ह्याची भावंडं पावसात गळली, सगळं दूध ह्या एकट्याला मिळालं. ह्यात ह्याचं काय कर्तृत्व? तिकडची वेल बघ. माती वाईट, पानावर भुरीचा रोग येऊन गेला, तरी तीन धरलेत आणि तिन्ही दांडगे. ती खरी."

हे ऐकून मी इतका पेटलो की तसंच्या तसं एका मालकाच्या मुलावर बेतून छापलं. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दुध्याला मधे आणायचं नाही. तो कोणाच्या युनियनमध्ये नाही."

वेलीवरच वाळून, तपकिरी पडून, आतून खुळखुळ वाजायला लागलेला दुधी ते फोडत, तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलायचं नसे. टोकाकडच्या बिया टाकायच्या, देठाकडच्या टाकायच्या, मधल्या तेवढ्या घ्यायच्या. त्या पाण्यात सोडायच्या, तरंगतील त्या फेकायच्या. उरलेली प्रत्येक बी दोन अंगठ्यांच्या नखांत धरून, अगदी कापूस ताणावा तशी, दाबून बघायची. डोळे मिटलेले. काकू चहा घेऊन आल्या तरी कपाचा आवाज झाला म्हणून ती बी पुन्हा पहिल्यापासून.

आणि एवढं करून मग ते सगळं वाटून टाकायचे! हे मला आजही नवलाचं वाटतं. मृगाच्या आधी हा माणूस पन्नासेक घरांची दारं वाजवायचा, प्रत्येक घरात आठ-दहा बियांची पुडी द्यायचा आणि एकच सांगायचा: एक दुधी राखा. स्वतःच्या पेरणीपुरत्या बिया ठेवून डबा रिकामा, घासून पालथा.

"थोडं जपून ठेवा की, काका."

"बी डब्यात जगत नाही रे, लोकांत जगतं. एका घरात उंदीर लागेल. पन्नास घरांत कसा लागेल?"

लोक पुडी कपाळाला लावत आणि म्हणत, हो काका, एक नक्की राखू.

दहाव्या हंगामात, दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी, काकांचा धाकटा भाऊ गावी वारला. त्यांना जावं लागलं. मांडवावर तेव्हा एकच वेल उरली होती. बाकीच्यांची फळं खाऊन झाली होती, वेली उपटल्या होत्या. या शेवटच्या वेलीवर तीन दुधी होते, दहा वर्षांत झाले नव्हते एवढे, आणि तिन्हींच्या देठांना काकांनी लाल फडकं बांधलं होतं. जाताना पिशवी खाली ठेवून त्यांनी माझा दंड धरला.

"ह्यांच्यावर लक्ष ठेव. अजून महिनाभर हिरवे आहेत. आत बी दुधातच आहे, आत्ता तोडले तर फुकट. कळलं?"

"कळलं, काका."

"तू बोललास की लोक ऐकतात," ते म्हणाले. हे त्यांनी कुठून काढलं कोण जाणे.

चौथ्या दिवशी अध्यक्ष माझ्याकडे आले. सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे सत्काराचं व्यसन असलेला माणूस. पंप दुरुस्त करणाऱ्यापासून दहावीला पास झालेल्यापर्यंत, जो थांबला त्याला ते शाल घालत.

"दसऱ्याला सोसायटीची दहा वर्षं पूर्ण होतायत," ते म्हणाले. "काकांचा सत्कार करतोय. शाल, श्रीफळ. आणि सरप्राइज काय, माहितेय? त्यांच्याच दुध्याचा हलवा! पन्नास घरांना. महिलामंडळ तयार आहे."

"ते बियाण्याचे आहेत, साहेब. तोडायचे नाहीत."

"तीन-तीन बियाण्याला? यार, बी लागतं किती? आणि एक सांग, हे कोणी लिहिलंय?" त्यांनी खिशातून माझंच पत्रक काढलं. त्यांनी सामायिक जागेत आपल्या स्कूटरसाठी शेड बांधली होती, तिच्याविरुद्ध मी ते काढलं होतं. अध्यक्ष चष्मा लावून वाचू लागले. "‘सामायिक जागेवर व तेथील उत्पन्नावर प्रत्येक सभासदाचा समान हक्क आहे. त्यास कोणाही व्यक्तीचा अपवाद असू शकत नाही.’ छान लिहिलंयस. मी शेड काढली ना? काढली. आता काकांना अपवाद?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

"बोल ना. तत्त्व बदललं?"

तिथे मी काय बोलायला हवं होतं हे आज मला चांगलं माहीत आहे. सरळ म्हणायला हवं होतं, की साहेब, तत्त्व गेलं खड्ड्यात, मी म्हाताऱ्याला शब्द दिलाय. पण मी पत्रकांवर वाढलेला. माझ्याच वाक्याने मला धरलं होतं, आणि स्वतःच्या वाक्यापुढे मान तुकवण्यात मला एक प्रकारचा मोठेपणा वाटला. मी म्हणालो, "तत्त्वतः..."

"झालं तर मग," अध्यक्ष म्हणाले.

अकरा किसण्या लागल्या. बायकांनी मोठ्या मायेने तो हलवा केला, हे मी नाकारणार नाही. तिसरा दुधी उभा चिरला तेव्हा मी तिथेच होतो. आत बियांच्या ओळी होत्या, पांढऱ्या, ओल्या, बोटाने चेचल्या जातील अशा. एकीने विचारलं, "बिया काढू का गं?" दुसरी म्हणाली, "राहू दे, कोवळ्या आहेत, किसात जातील."

काका दसऱ्याच्या संध्याकाळी आले. गाडीचा शीण चेहऱ्यावर, भावाचं सुतक नुकतंच संपलेलं. त्यांना घरात पाऊलही टाकू दिलं नाही, तसंच मंडपात नेऊन खुर्चीवर बसवलं. शाल आली. श्रीफळ आलं. अध्यक्ष वीस मिनिटं बोलले. त्यांनी काकांना मुलुंडच्या हरितक्रांतीचे जनक म्हटलं, आणि जनक कावराबावरा होऊन पायातली चप्पल शोधत राहिले. मग एका मुलीने त्यांच्या हातात वाटी दिली. त्यांनी एक चमचा खाल्ला.

"गोड झालाय," ते म्हणाले. "कुठला दुधी?"

"तुमचाच, काका!" पन्नास घरं एका सुरात ओरडली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

काकांनी मान वर केली. सगळ्या गर्दीतून त्यांनी मला बरोबर शोधून काढलं. मी खाली बघितलं. मग त्यांनी दुसरा चमचा खाल्ला, तिसरा खाल्ला, वाटी चाटूनपुसून संपवली. अन्न टाकायची त्यांना सवय नव्हती. अध्यक्षांनी दोन शब्द बोलायचा आग्रह केला तेव्हा ते उठले.

"दहा वर्षं मी जे खाल्लं नाही," ते म्हणाले, "ते तुम्ही मला खायला घातलंत."

लोकांना हे इतकं आवडलं की टाळ्या थांबेनात. हे वाक्य पुढे सोसायटीच्या अहवालात ‘सत्कारमूर्तींचे भावपूर्ण उद्गार’ म्हणून छापलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? हलवा फार छान झाला होता. म्हणून तर जास्त वाईट वाटतंय."

काका रागावले की मुंबईची भाषा सोडून मालवणीत शिरत. "मेल्या, तुका राखूक सांगितलेलंय ना रे?"

"काका, तत्त्वाचा प्रश्न होता."

"तत्त्व किसणीर किसतत?"

त्यांनी रिकामा पालथा डबा उचलून सुलटा केला. मग स्वतःशीच म्हणाले, "गावाकडे मूळचा दुधी अजून मिळेल. हातभर होणारा. त्याच्यापासून परत इथवर यायला दहा वर्षं. मी आता अडुसष्ट." मग एकदम उठले. "चल. पन्नास घरं आहेत. कोणीतरी राखला असेल."

तीन दिवस आम्ही दारं वाजवली. बोलायचं मी, मागे उभं राहायचं काकांनी. हा उलटा रिवाज त्यांनीच ठरवला. म्हणाले, तोंड तुझं चालतं. उत्तरं मी विसरू शकत नाही. "काका, राखणारच होतो, पण पाहुणे आले." "एवढा सुंदर होता, ठेववेना." "आम्हाला वाटलं, शेजारी राखतील." हे शेजाऱ्यांचं उत्तर तर पंधरा-वीस घरांत मिळालं, आणि शेजारच्या घरात तेच मिळायचं. एका बाईंनी राखलेला दुधी दाखवला. त्यांनी त्याचा फुलदाणीसारखा कंदील करून त्यात बल्ब लावला होता. बिया? त्या कचऱ्यात. माझ्या स्वतःच्या आईनेही मान खाली घातली. "अरे, तुला कोफ्ते आवडतात ना," ती म्हणाली.

सर्वांचा समान हक्क, असं मी लिहिलं होतं. प्रत्येकाने तो बजावला होता. राखायची पाळी तेवढी नेहमी दुसऱ्याची होती. हे माझ्या पत्रकात लिहायचं मी विसरलो होतो, ते तिथे, जिन्याजिन्यावर, मला वाचायला मिळालं.

उरली दोन घरं. तिसऱ्या इमारतीत तळमजल्यावर समोरासमोर राहणारे बँकवाले आणि विमावाले. या दोघांचं भांडण सोसायटीत प्रसिद्ध होतं. त्यांच्याकडे कोणी जायचं नाही, कारण एकाकडे चहा घेतला की दुसरा वर्षभर बोलायचा नाही; यंदा पुड्या वाटताना काकांनीही ही दारं टाळली होती. आम्ही तिथे पोचलो आणि काका जागीच थबकले.

दोघांच्या दारांच्या मधोमध एक जुना पत्र्याचा ड्रम होता. त्यातून वर गेलेली मेलेली वेल जिन्याच्या जाळीवर होती. आणि जाळीला, तारेने जखडलेला, धूळ खात, तपकिरी, टणक, एक दुधी लटकत होता. त्याच्या शेजारी सेक्रेटरींच्या सहीचा कागद चिकटवलेला: ‘सदर फळाबाबत दोन सभासदांत वाद असल्याने निर्णय होईपर्यंत जैसे थे परिस्थिती ठेवावी. कोणीही हात लावू नये.’

झालं होतं असं. गेल्या वर्षी काकांनी दोघांनाही पुड्या दिल्या. दोघांनीही एकमेकांच्या नकळत त्याच ड्रममध्ये बी टोचलं. वेल आली एकच. कोणाच्या बीची, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. फळ धरलं तसं दोघांनी हक्क सांगितला, आणि मग एकाने तोडला तर दुसऱ्याने पोलिसांत जायचं, या धमकीवर तो दुधी वर्षभर सुखाने वाळत राहिला होता.

काकांनी त्याच्या बुडाला एक टिचकी मारली. आतून खुळखुळ ऐकू आली. मी आयुष्यात अनेक मोर्चांच्या घोषणा ऐकल्यात, पण म्हाताऱ्याचा तो चेहरा मी कुठल्या मोर्चात बघितला नाही.

"वाजता रे!" ते म्हणाले. "वाजता!"

आवाजाने दोन्ही दारं उघडली.

"घेऊन जा काका, माझाच आहे," बँकवाले म्हणाले. "फक्त मी दिला असं लिहून द्या."

"ह्याने दिला? ह्याचा काय संबंध?" विमावाले म्हणाले. "काका, मी देतो. ह्याच्या नावाने घेतलात तर मी कमिटीकडे जाईन."

"जा ना! जातोस कुठे, तुझा मेव्हणा कमिटीत!"

मी पुढे झालो. दोघांनी मिळून द्यावा, समंजसपणे, असं काहीतरी सुरू केलं. काकांनी मला कोपराने मागे सारलं.

"दुधी जागचा हलणार नाही," ते म्हणाले. "कोणाचा ते कमिटी ठरवील. मी फक्त बुडाला भोक पाडून थोडी बी बघतो, आणि भोक मेणाने बुजवतो. जैसे थे."

या एका शब्दावर दोघांचं समाधान झालं. काकांनी सुताराच्या सामत्याने भोक पाडलं, दुध्याखाली शाल धरली (सत्काराची, दुसरं काही हाताशी नव्हतं) आणि हलकेच हलवलं. वीस-बावीस बिया पडल्या. त्यांनी एक नखांत धरली आणि डोळे मिटले. दोन्ही भांडखोर श्वास रोखून उभे.

"ती माझी आहे की ह्याची, कळतं का काका?" बँकवाल्यांनी कुजबुजत विचारलं.

"चांगली आहे," काका म्हणाले.

उरलेल्या बिया त्यांनी आतच ठेवल्या आणि मेण लावलं. घरी आणून डब्यात ठेवल्या असत्या तर अधिक सुरक्षित नव्हे का, असं मी वाटेत विचारलं. काका म्हणाले, "इथल्यापेक्षा सुरक्षित जागा ह्या मुलुंडात नाही."

पुढच्या मृगाआधी त्यांनी त्या ड्रममधली माती बदलायची आणि तिथेच पुन्हा पेरायची परवानगी दोघांकडून वेगवेगळी मिळवली. प्रत्येकाला वाटलं, आपल्या हक्काला बळकटी आली. पण तेवढ्यात अध्यक्षांच्या मनात नवी कल्पना उगवली. पेरणीच्या आदल्या रविवारी सर्वसाधारण सभा होती. तिच्यात बँकवाले आणि विमावाले यांना हात मिळवायला लावायचे, ड्रम उचलून टाकायचा, तो दुधी दोघांच्या हस्ते कोणाला तरी अर्पण करायचा, आणि अर्थात दोघांचा सत्कार. त्यासाठी एकोप्यावर एक जळजळीत पत्रक हवं होतं. ते माझ्याकडेच मागितलं. ‘एकजूट’ हा तर माझा हातखंडा विषय. मी लिहिलंही.

काकांना कळलं तसे ते तीन मजले चढून आमच्याकडे आले. दम लागला होता. या माणसाने मला कधी हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले.

"तेवढं करू नको रे. ते दोघं भांडतायत तोवर तिथल्या फळाला कोणी हात लावणार नाही. एकदा मिटलं, की दोघं मिळून खातील."

"काका, माणसांत वैर राहावं असं तुम्ही म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. पन्नास घरं प्रेमाने नांदतायत. त्यांनी काय राखलं, ते तू माझ्याबरोबर फिरून बघितलंस."

सभेत अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. पत्रक माझ्या खिशात होतं. माझा त्याच्या प्रत्येक ओळीवर विश्वास होता, आजही आहे. मी उठलो नाही. अध्यक्षांनी तीनदा पुकारलं, आईने कोपर मारलं, मी खुर्चीला चिकटून बसलो. त्या शांततेत विमावाले उठून म्हणाले, की समेटाला आपली ना नाही, फक्त दुधी आपला होता एवढी नोंद व्हावी. बँकवाले उभे राहिले ते खुर्ची पाडूनच. पुढचा अर्धा तास सभेत दुध्याखेरीज विषय नव्हता. मेव्हणे निघाले, पाण्याची टाकी निघाली, कोणी कोणाच्या बारशाला आलं नव्हतं तेही निघालं. मागच्या रांगेत काका डोळे मिटून, मांडीवर हाताने हलका ठेका धरून, भजनाला बसल्यासारखे ऐकत होते.

"शेवटचं विचारतो," अध्यक्ष घसा फोडून ओरडले, "मिटवायचं आहे की नाही?"

"नाही!" दोघे एकदम म्हणाले.

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि जैसे थे परिस्थिती चालू ठेवल्याचं सेक्रेटरींना लिहून घ्यायला सांगितलं. काका हळूच उठले. काकूंनी विचारलं, कुठे निघालात, अजून चहा व्हायचाय. ते चपला पायांत सरकवत म्हणाले, "ड्रममध्ये पाणी शिंपून ठेवतो. सकाळी पेरायचंय."